बेघर माणसाचे गाव कोणते?

मराठीत झोपडपट्टी आणि फुटपाथ ह्यांवरच्या लेखनाची चर्चा निघाली, की 'दाहक वास्तव' हा शब्दप्रयोग हटकून येतो. हे वास्तव दाहक कोणाला? जो माणूस वीस वर्षे पुलाखाली झोपतो त्याला ते रोजचे आहे. भाजतो तो वाचक, आणि त्याच्याहून अधिक समीक्षक. आपल्या भाजण्यालाच तो कलाकृतीचे मोल समजतो. ह्या भाजण्याच्या नादात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा माणूस फुटपाथवर आला कुठून, आणि जिथून आला तिथे तो परत का जात नाही?

मी रत्नागिरीत शिकवतो. माझ्या जिल्ह्याने शंभर-सव्वाशे वर्षे मुंबईला माणसे पुरवली. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. तो टाळणारे लेखन कितीही कनवाळू असले तरी अपुरे आहे, आणि महानगरातल्या बेघरांसाठी आजवर झालेले उपाय ज्या खड्ड्यात पडले त्याच खड्ड्यात ते पडते, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या दोन गाजलेल्या मराठी कादंबऱ्या कोकणी लेखकांनी लिहिल्या, हा योगायोग नव्हे. जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ ची आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' १९६९ ची. दळवी आरवलीचे, कर्णिक करूळचे. दोन्ही गावे १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होती. ह्या दोघांनी मराठी कादंबरीला दिवाणखान्यातून उठवून खाडीच्या चिखलात नेले. त्या काळात ते सोपे नव्हते, आणि त्यांचे हे ऋण नाकारण्यात मला पुरुषार्थ वाटत नाही. दोघांची नजर तीक्ष्ण आहे, कान त्याहून तीक्ष्ण आहे. पण 'चक्र' हे नावच पाहा. चक्राला आरंभ नसतो. ते फिरत असते, माणसे त्यात सापडतात, चिरडली जातात, नवी येतात. ज्याला आरंभ नाही त्याला फिरवणाराही कोणी नाही. झोपडपट्टी म्हणजे एक वेगळे जग, त्याचे स्वतःचे नियम, स्वतःची भूक, स्वतःची वासना, असे एकदा मानले की त्या जगाचा गावातल्या जमिनीशी, जातीशी, खोताच्या वहीशी असलेला धागा तुटतो. उरते ते दर्शन. वाचक दर्शन घेतो आणि घरी जातो. त्याला घर असते.

'चक्र'वर रवींद्र धर्मराज ह्यांनी केलेला हिंदी चित्रपट १९८१ साली आला. त्यातली अम्मा गावातून मुंबईत येते, कारण तिच्या नवऱ्याच्या हातून गावात खून झालेला असतो. नवरा झोपडीसाठी पत्रा चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. पत्र्याचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. डोक्यावर पत्रा हवा म्हणून जीव जातो, ह्याहून घराची किंमत सांगणारे दृश्य आपल्या सिनेमात क्वचित असेल. पण गाव सोडण्याचे कारण मात्र एक अपघात, एक गुन्हा, एका माणसाचे दुर्दैव असे येते. लाखो माणसे खून करून मुंबईत आलेली नाहीत.

त्याच १९८१ सालच्या १३ जुलैला मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी घोषणा केली, की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हुसकावून त्यांच्या मूळ गावी पाठवण्यात येईल, नाहीतर मुंबईबाहेर नेऊन सोडण्यात येईल. ऐन पावसात झोपड्या मोडल्या. माणसे एस. टी. गाड्यांत भरली. अंतुले स्वतः कोकणातले, आंबेतचे. गाव म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. पण कोणत्या गावात कोणाला परत जाता येते, हा प्रश्न त्या घोषणेत नव्हता. 'चक्र' लिहिणाऱ्याला जो प्रश्न पडला नाही तो ती मोडायला निघालेल्यालाही पडला नाही. करुणा आणि बुलडोझर ह्यांच्यात एवढे एक साम्य निघावे, ह्याची आपल्या समीक्षेने कधीतरी दखल घ्यायला हवी होती.

ह्या हकालपट्टीविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवरची माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या पीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला. वकील मंडळी हा निकाल उपजीविकेच्या हक्कासाठी वाचतात. घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असे न्यायालयाने म्हटले, आणि ते मोठेच आहे. मी तो निकाल कथेसारखा वाचतो, आणि विद्यार्थ्यांनाही तसाच वाचायला सांगतो. त्यात एका अर्जदाराची हकीकत चार-पाच ओळींत आली आहे. हा माणूस अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून १९६९ साली मुंबईत आला. गावाकडे चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवत होता. गावातले त्याचे घर, म्हणजे ज्याला घर म्हणायचे ते, पडले. मुंबईत महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीत एका गुंडाला ३०० रुपये देऊन त्याने फुटपाथवरची जागा मिळवली.

एवढेच. ना विशेषण, ना उपमा. आणि तरीही इथे सगळे आहे. जातीचा धंदा आहे, त्या धंद्याची कमाई आहे, पडलेले घर आहे, आणि शहरात आल्यावर पहिल्यांदा जागेचे भाडे सरकारने नव्हे तर गुंडाने ठरवले, हेही आहे. पडलेले घर पुन्हा उभे का राहिले नाही? वासे, कूड, गवत, पत्रा ह्यांना पैसे लागतात, आणि पैसे जमले तरी जागा आपली लागते. निकाल तिथे थांबतो. पण जिथे तो थांबतो तिथून पुढे साहित्याने जायचे असते. दोन कादंबऱ्यांतल्या शेकडो पानांनी जे केले नाही ते न्यायालयाच्या चार ओळींनी केले: माणसाचे गाव, काम आणि पडलेली भिंत एका दमात सांगितली.

त्याच संगमनेरच्या परिसरातून, अकोले तालुक्यातल्या धामणगावातून, दगडू मारुती पवार मुंबईत आला, शिकला, दया पवार झाला, आणि १९७८ साली 'बलुतं' आले. मी हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवतो. 'बलुतं'मधला मुंबईचा कावाखाना सर्वांना आठवतो: एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, मध्ये खोक्यांचा नाहीतर चिंध्यांचा आडोसा, शेजारी वेश्यांची वस्ती. टीकाकारांनी कावाखान्याचे वर्णन पुन्हा पुन्हा वाखाणले. पण पुस्तकाचे नाव 'कावाखाना' नाही, ते 'बलुतं' आहे. लेखकाने शीर्षकातच सांगून टाकले आहे, की मुंबईच्या त्या खोलीचे मूळ गावच्या वाट्यात आहे. बलुते हे मजुरी नव्हे आणि हक्काचे उत्पन्नही नव्हे. ते राबण्याच्या बदल्यात दाराबाहेर वाढलेले असते. बलुत्यावर जगणाऱ्याचे घरही बलुत्यासारखेच असते. गावाने राहू दिले म्हणून राहिलेले. म्हणून मी म्हणतो, की महानगरातला दलित बेघर हा महानगरात बेघर झालेला नाही. तो बेघर म्हणूनच आला. मुंबईने फक्त त्याच्या डोक्यावरचा गावचा मुलाहिजा काढून घेतला.

हे कोकणात अधिक स्पष्ट दिसते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावाचे चित्र आहे. देशावर महारवाडा गावाबाहेर असतो, इथे मात्र महारांची घरे गावाच्या मधोमध आहेत, असे त्या नोंदवतात, आणि हाकेला चटकन हजर व्हावे म्हणून ती तशी वसवली असावीत असा तर्कही करतात. ही नोंद वाचताना मी थबकलो होतो. वस्ती गावाबाहेर असणे म्हणजे बहिष्कार, आणि आत असणे म्हणजे स्वीकार, असे आपण सरधोपट समजतो. इथे घर मधोमध आहे कारण हाक मधोमध ऐकू यावी. घराची जागा घरात राहणाऱ्याच्या सोयीने ठरलेली नाही. अशा घराला घर म्हणायचे की चाकरीची चौकी?

आणि जमीन? रत्नागिरी जिल्हा हा खोतांचा मुलूख. घराखालची चार हात जागाही खोताच्या नावावर. परड्यात फणस लावला तर त्याच्यावर खोताची नजर. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मोर्चाने मुंबईत कौन्सिल हॉलवर गेली. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. त्याआधी १९४८ च्या कूळकायद्याने कूळ, शेतमजूर आणि कारागीर ह्यांना राहत्या घरातून हुसकावण्यास बंदी केली, घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला हक्कही दिला. कायदा चांगला होता. पण हक्क कागदावर आणायला मामलेदार कचेरीत हेलपाटे घालावे लागतात, आणि ज्याच्या बांधावर उद्या कामाला जायचे त्याच्याविरुद्ध जबाब द्यावा लागतो. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांखालची जमीन मी वयात आलो तेव्हाही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर होती. कोणाचे नाव इतर हक्कांत, कोणाचे तिथेही नाही. भिंत पडली की परवानगी मागायला जायचे, आणि परवानगी देणारा मुंबईला गेलेला असायचा. माझ्या एका चुलत्याने असे दोन पावसाळे वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी तो डिलाईल रोडला कोणाच्या तरी जिन्याखाली झोपायला गेला. त्याला कोणी गावी परत पाठवले असते तर त्याने उतरायचे कुठे?

मराठीत ह्यासाठी जुना शब्द आहे. जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असणारा तो मिरासदार, आणि हक्काशिवाय कसणारा, आज आहे उद्या नाही असा, तो उपरी. लक्ष्मण माने ह्यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात महसुली शब्दकोश असेल असे नाही. पण कैकाड्याच्या गाढवावरच्या बिऱ्हाडाने महसुलाचा सगळा इतिहास एका शब्दात पकडला. ज्यांना गावच नाही त्यांना 'मूळ गावी' पाठवण्याची घोषणा कशी लागू करणार? गुन्हेगार जमाती कायद्याने, १८७१ पासून १९५२ पर्यंत, ह्यांतल्या कित्येकांचा पत्ता ठरवला तो तारेच्या कुंपणातला. आजही मुंबईच्या सिग्नलवर, पुलाखाली ज्यांची बिऱ्हाडे दिसतात त्यांत पारधी आहेत, वडार आहेत, डोंबारी आहेत.

परत जाता येणे ही एक मालमत्ता आहे. तिची मोजदाद कोणी करत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. संप लांबला तसे कोकणातले आणि घाटावरचे कामगार गावी गेले. ज्यांचे भात होते, कौलारू घर होते, त्यांनी तिथे महिने काढले. ज्यांचे नव्हते ते मुंबईतच हातगाडी ओढत राहिले. पुन्हा २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आणि चाकरमानी कोकणच्या वाटेला लागले. गावच्या शाळांत त्यांना चौदा दिवस ठेवले, भांडणे झाली, पण शेवटी त्यांना एक ओटी मिळाली, पडवी मिळाली. पुलाखालच्या माणसाला 'घरीच राहा' असे सांगणारी जाहिरात तेव्हा पुलाच्या खांबावरच लावलेली असे.

नारायण सुर्व्यांची हकीकत ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी रस्त्यावर टाकून दिलेले ते मूल उचलले आणि आपले नाव दिले. पुढे गंगाराम कामावरून निवृत्त झाले आणि कोकणातल्या गावी गेले. कोवळ्या वयाचा नारायण मुंबईत एकटा राहिला, फुटपाथवर. गंगारामांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे दिले ते कोणा धनवंताने दिले नाही. पण बाप गावी जाऊ शकतो आणि सापडलेले मूल जाऊ शकत नाही, ह्यात गाव म्हणजे काय ते सगळे येते. गावात शिरायला कूळ लागते, जात लागते. सुर्व्यांना कामगारवर्गाचा कवी म्हणून आपण गौरवले. ज्याला परतीचे गाव नाही अशा माणसाचा कवी म्हणून त्यांना अजून वाचले गेलेले नाही.

आता शहराकडे वळतो. गाव जागा देत नाही, आणि शहरात पैसे असले तरी खोली मिळत नाही, ही दुसरी बाजू आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या कथेचा (संग्रह १९६३) विचार जात लपवण्याच्या मानसिक ताणाच्या अंगाने खूप झाला. पण कथानकाचा पाया काय आहे? रेल्वेतल्या नोकरीवर उधन्याला गेलेला एक तरुण खोली शोधतो आहे. नोकरी आहे, पगार आहे, भाडे द्यायची तयारी आहे. मधे जात येते. तो जात चोरतो ती एका छपरासाठी. उघडकीला येते तेव्हा मार पडतो आणि छप्पर जाते. ही भाड्याच्या खोलीची कथा आहे असे म्हटल्याने ती लहान होत नाही, उलट तिच्या मुळाशी हात जातो.

आणि तिच्यामागे १९१७ चे बडोदे आहे. कोलंबियात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे जागा मागितली, तीही मिळाली नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. त्यांनीच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या दिवशीच्या शिरगणतीत त्यांची नोंद बेघर म्हणूनच झाली असती. दारिद्र्य हटले की बेघरपण हटेल असे मानणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी बडोद्याच्या ह्या बागेचा विचार करावा. अमेरिकेत लोरेन हॅन्सबेरीच्या १९५९ च्या 'अ रेझिन इन द सन' ह्या नाटकातले शिकागोचे काळे कुटुंब बापाच्या विम्याच्या पैशातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, तेव्हा वस्तीतर्फे एक सभ्य गृहस्थ येतो आणि 'येऊ नका' म्हणून वर पैसे देऊ करतो. बडोद्याला काठ्या होत्या, शिकागोला चेकबुक होते. फरक सौजन्याचा आहे.

ह्या दोन बाजू ध्यानात घेतल्या की आजच्या उपायांचे स्वरूप उघडे पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हवा असे बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच दंडक आला: लाखामागे किमान शंभर माणसांची सोय. आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे दंडक पुरा पाळला तरी बारा हजार चारशे जागा. त्याच जनगणनेने मुंबईत बेघर मोजले ते ५७ हजारांहून अधिक. चारांतले तीन तर दंडक पाळूनही रस्त्यावरच. आणि ही मोजणी कशी झाली? २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत. पोलिसांच्या भीतीने जागा बदलणारे, रात्रपाळीला हमाली करणारे, आडोशाला झोपणाऱ्या एकट्या बाया एका रात्रीत सापडतात का? देशभरचा आकडा १७ लाख ७३ हजार. ह्या आकड्याच्या खाली कोणते गाव, कोणती जात, परत जायला जमीन आहे की नाही, ह्याचा रकाना नाही.

तात्पुरता निवारा नको असे मी म्हणत नाही. पावसात भिजणाऱ्याला आज रात्री छप्पर हवे, उद्याची क्रांती नव्हे. पण निवारा हे घर नाही, आणि घराची सरकारी योजना तर माणसाला ओळखतच नाही, ती झोपडीला ओळखते. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, अशा तारखा ठरतात. त्या तारखेआधीचे बांधकाम दाखवा, मग पुनर्वसन. ज्याने पत्रा ठोकला त्याच्याजवळ पुरावा असतो. जो सकाळी वळकटी बांधून दुकानाची पायरी मोकळी करून देतो, त्याने वीस वर्षांत पुरावा ठेवलाच नाही. शहराशी सर्वांत अदबीने वागणारा माणूस शहराच्या यादीत सर्वांत शेवटी. उलट त्याच्यासाठी वेगळा कायदा होता: १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा, ज्याच्या व्याख्येत उपजीविकेचे उघड साधन नसताना भटकणारा माणूसही भिकारी ठरतो. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली बरीच कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. १९८५ च्या निकालाचेही हेच झाले. उपजीविका मान्य झाली, पण फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत म्हणून हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य झाला. १९७६ च्या गणतीतल्यांना पर्यायी जागा द्या, पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढी मुभा मिळाली. एंगल्सने १८७२ मध्येच लिहून ठेवले होते, की भांडवलदार वर्ग घरांचा प्रश्न सोडवतो म्हणजे तो एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत ठेवतो. आपल्याकडे तो गल्लीतून उचलून गावात ठेवायचा प्रयत्न झाला, इतकाच फरक. एंगल्सला वतन आणि खोती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला आहे.

मग आमच्या साहित्याचे काय? इथे मला आपल्याच घरातले बोलायचे आहे. अण्णा भाऊ साठ्यांचा 'स्मशानातील सोनं'मधला भीमा वारणेच्या काठचा गडी आहे. मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत राबतो, खाण बंद पडते आणि प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. खाण बंद पडली तरी तो गावी का जात नाही, हे अण्णा भाऊंना सांगावे लागत नाही, कारण ते स्वतः वाटेगावहून आलेले आहेत. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) शहराच्या तळघराचा सगळा उकिरडा भाषेवर ओतलेला आहे. पण आमच्यापैकी अनेकांनी 'गोलपिठा'तून विद्रोह घेतला आणि रस्ता सोडून दिला. ऐंशीनंतरच्या कवितेत फुटपाथ पुष्कळ येतो, पण तो प्रतिमा म्हणून येतो. कवी नोकरीत असतो, बी. डी. डी. चाळीच्या १६० चौरस फुटांतून कॉलनीत, कॉलनीतून फ्लॅटमध्ये गेलेला असतो, आणि 'मी बेघर आहे' असे लिहितो. हे बेघरपण आध्यात्मिक असते. ज्याच्याजवळ शिधापत्रिका नाही त्याचा शब्द असा उसना घेणे मला खटकते. आपण वर गेलो ह्याची लाज बाळगू नये, त्यासाठीच तर लढलो. पण खाली आता कोण आहे ते पाहावे. पारध्याच्या पालावर आपल्या नियतकालिकांतून किती लिहिले जाते? फुटपाथवर बाळंत झालेल्या बाईने नाळ कशाने कापली, हे आपल्या कोणत्या कथेत आहे?

फार लांब जाण्याची गरज नाही. रत्नागिरीत राहून मुंबईच्या फुटपाथवर लिहिणे ही माझीही एक सोय झाली असती. आता माणसे इथेही येतात. चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातली कुटुंबे आहेत, आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी आहेत, मिरकरवाड्याच्या होड्यांवर परमुलखातले खलाशी आहेत, महामार्गाच्या कामावरचे मजूर आहेत. खाणीवरच्या खोपटांना भिंत असते ती त्याच फुटलेल्या चिऱ्यांची. दुसऱ्यांची घरे बांधायला जो दगड जातो त्याचा तुकडा खोपटाला. खाण सरली की खोपट मोडते. ज्या जिल्ह्याने आपली माणसे दुसऱ्याच्या जिन्याखाली झोपवली, त्या जिल्ह्यात ह्या माणसांना 'हे लोक' म्हणतात. आमच्या बौद्धवाडीतही म्हणतात, हे मी ऐकले आहे.

गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांना मी एक काम दिले. 'चक्र', 'माहीमची खाडी', 'बलुतं', बागुलांच्या कथा आणि १९८५ चा निकाल घ्या, आणि प्रत्येक पात्रापुढे तीन गोष्टी लिहा: गाव कोणते, घराखालची जमीन कोणाची, परत जाता येईल का. आत्मकथनांपुढे आणि निकालापुढे रकाने भरले. कादंबऱ्यांपुढे बरेचसे कोरे राहिले. मग दोन मुली स्वतःहून हाच कागद घेऊन खाणीवर गेल्या. तिथल्या बायांनी पहिल्या रकान्यात गावांची नावे भराभर सांगितली. दुसऱ्या रकान्याला त्या हसल्या. तिसरा त्यांनी मुलींनाच उलटा विचारला: तुमच्या वाडीत आम्हाला खोली भाड्याने मिळेल का?

त्या कागदावर मुलींनी हा प्रश्न तसाच लिहून आणला आहे. उत्तराची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे, आणि पुढच्या महिन्यात आमच्या वाडीच्या बैठकीत तो कागद वाचायचा असे ठरले आहे.